कर्नलचे सोवळे

कर्नलमध्ये व्हेक्टर इन्स्ट्रक्शन्सना थारा देऊ नये, असे ठासून सांगणारा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एसएसई, एव्हीएक्सची रजिस्टर्स वापरकर्त्याच्या प्रोग्रामची. कर्नलने त्यांना हात लावायचा तर आधी त्यातला डेटा जपून ठेवायचा, काम झाले की परत भरायचा, आणि या उठाठेवीत कमावलेला वेग गमवायचा. लिनक्स कर्नल कंपाइल होतो तोच या इन्स्ट्रक्शन्स बंद ठेवून. म्हणजे जाणत्यांनी निकाल कधीच दिला आहे. हे सोवळे कडक आहे खरे, पण त्यामागचा हिशेब अर्धवट आहे.

कंपाइलरला ही रजिस्टर्स मनमानी वापरू न देणे म्हणजे बंदी नव्हे. ठरावीक जागी, ‘कर्नल एफपीयू बिगिन’ आणि ‘एंड’ या दोन कॉल्सच्या मध्ये, ती राजरोस वापरली जातात.

आता तो लाडका खर्च. एव्हीएक्सपर्यंतची स्थिती जपायला ८३२ बाइट लागतात, एव्हीएक्स-५१२ धरल्यास अडीच किलोबाइटच्या वर. हा खर्च खरा आहे. पण तो प्रत्येक वेळी होतो, हे खोटे आहे. २०१९ साली आलेल्या लिनक्स ५.२ पासून एक्स८६ वर प्रोग्रामची रजिस्टर्स परत भरली जातात ती नियंत्रण प्रोग्रामकडे परतताना. एकाच सिस्टिम कॉलमध्ये कर्नलने दहा वेळा व्हेक्टर काम केले, मध्ये प्रोग्रामकडे परतला नाही, तर जपणे एकदा आणि भरणेही एकदाच. डिस्क एन्क्रिप्शनचे पुष्कळसे काम तर कर्नलच्या स्वतःच्या थ्रेडमध्ये चालते. तिथे जपायला प्रोग्रामची स्थितीच नसते. ती थ्रेड बदलताना आधीच जपलेली असते. तरी दर ब्लॉकमागे संपूर्ण खर्च लावून आकडे मांडले जातात, आणि वर त्याला अनुभव म्हणायचे! इंटेलच्या प्रोसेसरांत २०१० पासून असलेल्या एईएस इन्स्ट्रक्शन्सही एक्सएमएम रजिस्टर्सवरच चालतात. या पक्षातल्या कुणाच्या एक्स८६ लॅपटॉपची डिस्क लिनक्सवर एईएसने एन्क्रिप्ट केलेली असेल, तर त्याच्या कर्नलने ते सोवळे केव्हाच मोडले आहे.

रुंद व्हेक्टरमुळे प्रोसेसरचा क्लॉक उतरतो? लिनक्स ६.१० मधल्या एईएस-एक्सटीएसच्या कोडमध्ये आइस लेकसारख्या प्रोसेसरांवर ५१२ बिटांची आवृत्ती मागे ठेवली आहे. प्रीएम्प्शन अडते? चाचा२० या सायफरचा कोड काम ४ किलोबाइटच्या तुकड्यांत करतो आणि मध्ये वाट मोकळी करतो.

मेमरी कॉपीचा जुना वाद मात्र पुन्हा उकरला जातो. एएमडीच्या अ‍ॅथलॉनसाठी कर्नलमध्ये एमएमएक्स रजिस्टर्स वापरून पाने कॉपी करणारा खास कोड होता. पुढे तो काढून टाकला. यातून व्हेक्टरची हार सिद्ध होत नाही. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून इंटेलच्या प्रोसेसरांनी ‘रेप मूव्हएसबी’ ही एकच इन्स्ट्रक्शन मोठ्या कॉपीसाठी वेगवान केली. नुसत्या कॉपीत गणित नसते, तिथे ती पुरते. छोट्या कामात व्हेक्टर नकोत, हेही मान्य. पण त्यावरून सगळेच दार लावायचे, हा कुठला न्याय?

जिथे एकच क्रिया हजारो बाइटांवर करायची असते, तिथे व्हेक्टर हवेत. रेड-६ चे मॉड्यूल लोड होताना पाहावे: कर्नल उपलब्ध पद्धती चालवून मोजतो, प्रत्येकीचा वेग मेगाबाइट प्रतिसेकंदात लॉगमध्ये छापतो आणि ‘यूजिंग अल्गोरिदम’ म्हणून निवड जाहीर करतो. वाद मिटवण्याची याहून प्रामाणिक रीत नाही. एनएफटेबल्स या पॅकेट फिल्टरमध्येही २०२० पासून पॅकेटचे पत्ते आणि पोर्ट ठरवलेल्या पल्ल्यांशी ताडून पाहायला एव्हीएक्स२ वापरता येते.

आणि ज्या स्वस्त फोनच्या प्रोसेसरात एईएसच्या इन्स्ट्रक्शन्सच नाहीत, त्यांच्यासाठी २०१९ साली लिनक्स ५.० मध्ये एडियँटम हे एन्क्रिप्शन आले. एआरएमच्या कॉर्टेक्स-ए७ वर ते ४०९६ बाइटांचा मजकूर बाइटमागे १०.६ सायकलमध्ये उलगडते, म्हणजे एईएस-२५६-एक्सटीएसच्या पाचपटीहून अधिक वेगाने. त्या वेगामागे एआरएमच्या निऑनची व्हेक्टर रजिस्टर्स आहेत. त्याआधी अँड्रॉइडच्या नियमांत अशा मंद फोनना साठवलेला डेटा एन्क्रिप्ट न करण्याची सूट होती.