मजुराची कातडी निराळी आहे काय?

वैशाखात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पारा ४३-४४ अंशांवर चढतो. अशा दुपारी उन्हात पडलेली पहार उचलली की हात पोळतो, हे राळेगाव-घाटंजीच्या शेतकऱ्यास शिकवावयास नको. पण तेच लोखंड पत्रा होऊन गरिबाच्या डोक्यावर चढले, म्हणजे कुलरखाली बसलेले शहाणे म्हणतात, "मजुराला सवय असते, ज्याचे त्याचे प्राक्तन!" आम्ही विचारतो, मजुराची कातडी निराळी आहे काय?

ऊन कोणाचे प्राक्तन पाहत नाही. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट उष्णता पडते. म्हणजे दहा फूट लांब व दहा फूट रुंद छपरावर हजार वॅटच्या नऊ शेगड्या पेटल्या समजा. गंजाने व धुराने काळवंडलेला पत्रा त्यांतील सात-आठ शेगड्यांची आग गिळतो. काही वाऱ्यावर जाते. उरलेली पातळ पत्र्यातून तत्काळ खाली उतरते व झोळीतल्या तान्ह्या पोरास भाजते. त्याच पत्र्यास पांढरा रंग दिला, तर चार हिश्शांपैकी तीन हिस्से ऊन आल्या वाटेने परत जाते. यात दैव कोठे आले?

हे उपाय कोणास ठाऊक नाहीत असेही नाही. २०१० च्या उन्हाळ्यात शेकडो माणसे दगावल्यावर अहमदाबादेने २०१३ साली उष्णतेविरुद्ध आराखडा केला. पुढे तेथील गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्यात आली. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरण जाहीर केले. नदी ओलांडली म्हणजे सूर्य बदलतो काय?

कोणी म्हणेल, चुना पावसात धुऊन जातो. खरे आहे. मग दर फाल्गुनात पुन्हा द्या, अथवा अधिक टिकणारा पांढरा रोगण लावा. वेशीच्या कमानीस रंग देण्यास गावात पैसा निघतो. अंगणवाडीच्या छपरास तो का निघू नये?

बंधुभगिनींनो, सवलतीची भीक मागू नका. येत्या ग्रामसभेत उभे राहा व एवढेच विचारा : आमच्या वस्तीचे पत्रे पांढरे कधी होणार? उत्तर मिळाल्यावाचून खाली बसू नका.