घरघर थांबते, बोलणे उरते

नॉइज कॅन्सलिंग हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला, बारीक जाळीमागे, एक छोटा मायक्रोफोन बसवलेला असतो. भोवतालचा आवाज तो सतत टिपत राहतो. आतली चिप त्या आवाजाची उलटी लहर तयार करते. मूळ लहरीत हवेचा दाब जिथे वाढतो, तिथे हिच्यात तो तेवढाच घटतो. ही लहर स्पीकर गाण्यासोबतच कानात सोडतो, दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात आणि कानाच्या पडद्यापर्यंत पोचणारा आवाज कमी होतो. बऱ्याच हेडफोनांत कानाच्या बाजूलाही एक मायक्रोफोन असतो. किती आवाज उरला हे तो पाहतो आणि चिप त्याप्रमाणे दुरुस्ती करत राहते. दोन्ही मायक्रोफोन असलेल्या या रचनेला ‘हायब्रिड’ म्हणतात.

कल्पनेला नव्वद वर्षे होऊन गेली. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाने १९३३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ मध्ये त्याला अमेरिकेतले पेटंट मिळाले. मात्र इतक्या झटपट उलटी लहर बनवणारी यंत्रणा तेव्हा नव्हती. पुढे १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना एमआयटीचे प्राध्यापक अमर बोस यांनी विमान कंपनीने दिलेले हेडफोन कानाला लावले, तर इंजिनाच्या आवाजात संगीत पार बुडून गेले. हा आवाज खोडता कसा येईल याचे गणित त्यांनी त्याच प्रवासात मांडायला घेतले. १९८६ मध्ये वाटेत न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानाच्या दोन्ही वैमानिकांनी बोस यांच्या कंपनीचे नमुना हेडसेट वापरले. १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडसेट विक्रीला आला आणि २००० मध्ये सामान्य प्रवाशासाठी ‘क्वाएट कम्फर्ट’.

तेव्हा ही चैनीची वस्तू होती. आज दोन-तीन हजारांच्या इअरबड्समध्ये आणि पाच ते दहा हजारांच्या कानावरच्या हेडफोनांत तीच सोय मिळते. स्मार्टफोनमुळे सूक्ष्म मायक्रोफोन कोट्यवधींच्या संख्येने बनू लागले आणि स्वस्त झाले. आवाज खोडण्याचे काम ब्लूटूथच्याच चिपमध्ये सामावले गेले, त्यामुळे वेगळा भाग लावण्याचा खर्च उरला नाही. प्रश्न एवढाच की या किमतीत नेमके काय पदरात पडते. त्याचे उत्तर समोरचा आवाज कोणत्या जातीचा आहे यावर ठरते.

उलटी लहर तयार व्हायला वेळ लागतो, मग तो कितीही थोडा असो. समजा सेकंदाचा दहा हजारावा भाग उशीर झाला. १०० हर्ट्झच्या जाड, खर्जातल्या घरघरीचे एक आवर्तन सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरे होते. त्यापुढे हा उशीर एक टक्का भरतो, म्हणून दोन लहरी जवळपास बिनचूक जुळतात आणि मूळ दाबाच्या साधारण सहा टक्केच दाब शिल्लक राहतो. १००० हर्ट्झला तोच उशीर आवर्तनाच्या दहा टक्के होतो आणि साठ टक्क्यांहून अधिक दाब तसाच राहतो. ४००० हर्ट्झला तर लहरी खोडण्याऐवजी एकमेकींत मिळतात आणि आवाज उलट वाढतो. म्हणून चिप वरच्या पट्टीत हात घालतच नाही. ती पट्टी अडवायची ती कुशनने किंवा सिलिकॉनच्या टोकाने. महागड्या हेडफोनांची चिप अधिक चपळ आणि मायक्रोफोन अधिक जागरूक असतात, त्यामुळे मधल्या पट्टीतही त्यांचा थोडाफार जोर चालतो. खालच्या पट्टीत मात्र स्वस्त आणि महाग यांतले अंतर किमतीतल्या अंतराच्या मानाने फारच कमी आहे. खरेदी करणाऱ्याने सगळ्यांत आधी लक्षात घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

विमानाच्या केबिनमधला आवाज सुमारे ८० डेसिबल असतो आणि त्याचा मोठा वाटा खर्जाचा असतो. तासन्‌तास त्यात फरक पडत नाही. आवाज खोडणाऱ्या यंत्रणेला याहून सोपे काम नाही. साधारण बऱ्या हेडफोनचे बटण दाबले की ही घरघर दूर सरकल्यासारखी वाटते आणि इतका वेळ ती डोके शिणवत होती हे तेव्हा कळते. मुंबईहून लंडनला किंवा अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांना याचा फायदा गाणी न ऐकताही होतो. नुसते बटण चालू ठेवून डोळे मिटले तरी प्रवासाचा शीण कमी होतो. बाळाचे रडणे आणि शेजाऱ्याच्या गप्पा मात्र ऐकू येतातच, कधी कधी आधीपेक्षा ठळक, कारण त्यांना झाकणारी घरघर गेलेली असते.

बसचे गणित जवळून पाहण्यासारखे आहे. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक डिझेल इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट होतात. गाडी स्थानकात उभी असताना इंजिन मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल, तर सेकंदाला तीस स्फोट, म्हणजे ३० हर्ट्झ. महामार्गावर दोन हजार फेऱ्यांना तो आकडा १०० हर्ट्झवर जातो. दोन्ही आवाज हेडफोनच्या टप्प्यात नेमके बसतात. म्हणून मुंबई-पुणे वातानुकूलित बसमध्ये स्वस्त हेडफोनही मनासारखे काम करतात. एसटीच्या साध्या गाडीत इंजिनाची घरघर तेवढीच कापली जाते, पण खिडकीच्या काचांचा खडखडाट, हॉर्न आणि वाऱ्याचा सोसाट उरतो. खड्ड्यात चाक आदळले की बंद गाडीत हवेच्या दाबाचा मोठा धक्का बसतो. त्याच्याशी बरोबरी करताना स्वस्त इअरबड्सचा इवला स्पीकर थकतो आणि कानात ‘ढप’ असा आवाज येतो. तो बिघाड नव्हे, त्या स्पीकरची तेवढीच ताकद असते.

आगगाडीतही हाच भेद आहे. एसी लोकलमध्ये दारे बंद असतात आणि ब्लोअरचा एकसुरी आवाज असतो. तिथे हेडफोनचा उपयोग होतो. बिगर-एसी लोकलच्या दाराजवळ वारा थेट मायक्रोफोनवर आदळतो, चिप त्यालाच आवाज समजते आणि कानात फडफड वाढते. अशा वेळी आवाज खोडणे बंद केलेले बरे. फेरीवाल्याची हाक, भजनी मंडळाचे टाळ, कुणाच्या मोबाइलवरचे रील हे सगळे वरच्या आणि मधल्या पट्टीतले, क्षणाक्षणाला बदलणारे आवाज. स्वस्त हेडफोन त्यांना फार तर मऊ करतो, थांबवत नाही.

घरात पंखा, एसी, कूलर, खालच्या मजल्यावरचा पाण्याचा पंप यांच्यावर चांगला परिणाम होतो. मिक्सरच्या किंचाळण्यावर फारसा होत नाही आणि कुकरच्या शिट्टीवर तर नाहीच. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना शेजारच्या टीव्हीतले संवाद बंद होतील अशी अपेक्षा असते, ती बहुधा फोल ठरते. पंख्यासारखा सौम्य, एकसुरी आवाज किंवा पावसाचे रेकॉर्डिंग हळू लावले, तर उरलेले बोलणे त्यात झाकले जाते. संवाद झाकण्याचा स्वस्तातला सर्वांत भरवशाचा मार्ग तोच.

गणेशोत्सवात काहीजण ढोल-ताशा पथकाजवळ हे हेडफोन घालून उभे राहतात. ती सवय धोक्याची आहे. ढोलाचा नाद खर्जातला असला तरी तो अचानक आणि प्रचंड दाबाने येतो, ताशा तर वरच्याच पट्टीत कडाडतो. अशा आवाजाला पुरून उरेल एवढी हेडफोनच्या स्पीकरची ताकद नसते. कान वाचवायचे असतील तर फोमचे साधे बोळे किंवा कारखान्यात वापरतात ते कानझाकणे घ्यावे.

खोक्यावरचे आकडे वाचताना सावध राहावे. ‘४० डेसिबल’ किंवा ‘५० डेसिबलपर्यंत’ असे छापलेले असते. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा, कारण तो आकडा एखाद्या सोयीच्या वारंवारतेवरचा सर्वोत्तम असतो, सरसकट सगळ्या आवाजांचा नसतो. दहा डेसिबल घट झाली की ध्वनीची ऊर्जा एक दशांश होते आणि कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. म्हणजे खर्जात पंधरा-वीस डेसिबलची खरीखुरी घट मिळाली, तरी प्रवासात तिचे मोल मोठे आहे. दुसरी फसगत अक्षरांची. बऱ्याच स्वस्त इअरबड्सवर ‘ईएनसी’ असे ठळक लिहिलेले असते. ती सोय फोनवर बोलताना पलीकडच्या माणसाला आपल्या भोवतालचा गोंगाट कमी ऐकू यावा यासाठी असते, घालणाऱ्याच्या कानाला तिचा काही उपयोग नाही. कानासाठी हवे ते ‘एएनसी’. एका अक्षराच्या फरकाने अनेकांचे पैसे वाया जातात, आणि विक्रेत्यांनी हा फरक आपणहून सांगायला हवा.

परिणामाचा मोठा भाग हेडफोन कानावर नीट बसण्यावर अवलंबून असतो. कुशन आणि त्वचा यांत फट राहिली, तर खर्ज त्या फटीतून सरळ आत येतो आणि चिपची मेहनत फुकट जाते. चष्म्याची जाड काडी, मोठे कानातले, कुशनखाली अडकलेले केस ही फटीची नेहमीची कारणे. पडताळा सोपा आहे. पंख्याखाली बसून, गाणे न लावता, आवाज खोडणे चालू करावे आणि दोन्ही कुशन बोटांनी हलकेच दाबावीत. दाबल्यावर पंख्याची घरघर आणखी कमी झाली, तर हेडफोन नीट बसत नाही असे समजावे. इअरबड्ससोबत सिलिकॉनची तीन मापांची टोके येतात. बहुतेक लोक मधले माप लावलेले तसेच ठेवतात, पण दोन कानांना दोन वेगळी मापे लागणेही स्वाभाविक आहे. काहींना बटण दाबताच कानाला दडा बसल्यासारखे वाटते. हवेचा दाब प्रत्यक्षात बदललेला नसतो, खर्ज एकाएकी नाहीसा झाल्याने तसा भास होतो. बहुतेकांना त्याची सवय होते. ज्यांना होत नाही त्यांनी पातळी कमी ठेवावी. शांत खोलीत स्वस्त हेडफोनमधून बारीक ‘स्स’ असा आवाजही येतो. गाडीत तो जाणवत नाही.

हे हेडफोन घ्यावेत की नाही याचा खरा निकष व्हॉल्यूम किती खाली आला हा आहे. बसमध्ये ८० डेसिबलचा गोंगाट असेल, तर साधे इअरफोन लावणारा माणूस गाणे त्याच्या वर, ९० च्या आसपास नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे, ९० डेसिबलला मात्र ही मर्यादा ४ तासांवर येते. रोज जाऊन-येऊन दोन तास प्रवास करणाऱ्याची ती मर्यादा मंगळवारीच संपते. घरघर कापली गेली की तेच गाणे ७० डेसिबलला नीट ऐकू येते. ऐकण्याची शक्ती एकदा गेली की परत येत नाही. त्यामुळे रोजच्या प्रवाशासाठी पाच हजारांचा हा खर्च चैन ठरत नाही. मात्र ही बचत व्हॉल्यूम खरोखर खाली आणला तरच होते.

काही ठिकाणी हे हेडफोन वापरूच नयेत. गाडी चालवताना, रस्ता किंवा रूळ ओलांडताना ते काढून हातात घ्यावेत. येणाऱ्या लोकलची चाहूल देणारा रुळांवरचा खर्जच ते खोडतात. स्थानकावरची उद्घोषणा ऐकण्यासाठी ‘ट्रान्सपरन्सी’ नावाची सोय असते. स्वस्त वस्तूंत तिचा आवाज पत्र्यासारखा येतो, तरी गाडीचा फलाट बदलल्याचे कळण्यापुरती ती उपयोगी आहे. घरी एकट्या वृद्ध व्यक्तीची देखरेख करणाऱ्यांनी एका कानातच बड ठेवावा.

इअरबड्स घ्यावेत की कानावरचे हेडफोन, हे प्रवासाच्या लांबीवर ठरवावे. आवाज खोडणे चालू असताना स्वस्त इअरबड्स एका चार्जिंगवर पाच-सहा तास चालतात, लंडनच्या विमानाला ते अपुरे. कानावरचे हेडफोन तीस तासांच्या पुढे जातात. सोनीच्या डब्ल्यूएच-सीएच७२०एन या २०२३ मधल्या मॉडेलचे वजन १९२ ग्रॅम आहे आणि कंपनी त्याला ३५ तास देते. विमानातल्या पडद्याला बहुधा वायरच लागते, म्हणून ३.५ मिलिमीटरचे छिद्र आहे का ते पाहावे, आणि वायर लावल्यावर आवाज खोडणे चालू राहते का हेही, कारण काही मॉडेलांत ते बंद पडते. मुंबईच्या दमटपणात कृत्रिम चामड्याच्या कुशनचे दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटतात, फट पडते आणि हेडफोन बिघडला असे वाटू लागते. प्रत्यक्षात जुने कुशन काढून नवे बसवले की घरघर पुन्हा पहिल्याइतकी कापली जाते. म्हणून सुटे कुशन बाजारात मिळणारे मॉडेल निवडावे. इअरबड्सची बॅटरी थकली की मात्र बहुतेक वेळा जोडीच बदलावी लागते.