जिना, जुने सागवान आणि शिसे

स्मरणिकेसाठी काही वैद्यकीय लिहावे, अशी संपादकांची सूचना होती. मी जिन्याविषयी लिहीत आहे. लेख शेवटपर्यंत वाचल्यास हा विषय बालरोगतज्ज्ञाचाच आहे, हे वाचकांना पटावे.

बडोद्यातील जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत. भित्तिचित्रांमुळे तांबेकर वाड्याला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण लाभले. इतरांचे सागवान वखारीची वाट धरते. आमचा वाडा विकण्याऐवजी त्याचा दवाखाना करावा, असे आम्ही भावंडांनी ठरविले. मागील मोडकळीस आलेला चौक उतरविला आणि त्याच्याच तुळयांतून माडीचा जिना करावयाचे ठरले.

जुन्या सागवानाचे गुण मिस्त्रीकाकांनी मला शिकविले. कित्येक वर्षे वाळलेले हे लाकूड सहसा वाकत नाही. फक्त त्यातील खिळे चुंबक फिरवून आधी काढावे लागतात, नाहीतर रंध्याचे पाते जाते. पायऱ्यांना चकचकीत पॉलिश नको, हा माझा हट्ट. पावसाळ्यात ओल्या पायांनी धावणारी मुले मी रोज पाहतो. म्हणून बेलतेलाचे पातळ हात दिले. तेलाची फडकी ढिगात पडली तर आपोआप पेट घेतात, म्हणून ती पाण्यात भिजवून ठेवीत असू. जुन्या कठड्याच्या गजांत सहा इंचांचे अंतर होते. ब्रिटनच्या बांधकाम-नियमांत, जेथे लहान मुलांचा वावर असतो तेथे कठड्याच्या फटीतून १०० मिलिमीटरचा गोळा पार जाता कामा नये, असा दंडक आहे. आम्ही प्रत्येक दोन गजांमध्ये एक गज वाढविला आणि मुलांच्या हाताला येईल अशी दुसरी, खालची मूठपट्टी बसविली.

येथपर्यंत सारे अभिमानाने सांगण्याजोगे. आता न सांगण्याजोगे.

ते जुने गज रंगविलेले होते. पिवळा, त्याखाली हिरवा, त्याखाली पांढरा. एका दुपारी मी ओपीडी आटोपून मागे गेलो, तेव्हा दोन कारागीर ते कोरडेच घासत होते. अंगणभर धूळ होती आणि त्या धुळीत मिस्त्रीकाकांचा दीड वर्षाचा नातू बसून बोटे चोखत होता. भिंतीशी रंगीत ढलप्यांची मोळी बांधून ठेवलेली होती.

“काका, हे कशाला?”

“चुलीला, साहेब. घरी नेतो रोज.”

तीस वर्षे मी आयांना विचारीत आलो आहे, की मूल माती खाते का, भिंतीचे पोपडे खाते का. माझ्याच अंगणात हा प्रश्न मला सुचला नव्हता.

आपल्या देशातून शिसेयुक्त पेट्रोल २००० साली हद्दपार झाले. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून त्याहून अधिक शिशाच्या अशा रंगांच्या उत्पादनास मनाई झाली. परंतु कायदा दुकानातील डब्याला लागू होतो, वाड्यातील कठड्याला नव्हे. पोटात गेलेले शिसे लहान मूल प्रौढाच्या चार ते पाच पट शोषून घेते. लोहाची कमतरता असेल तर आणखीच. शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

त्या नातवाचे रक्त आम्ही तपासले. आकडा येथे लिहीत नाही. तो चिंतेचा होता. आमची धूळ कारणीभूत की आजोबांचा जन्मभराचा व्यवसाय, हे ठरविता येत नाही, आणि त्याने माझे समाधानही होत नाही. लोह सुरू केले, घरातील ढलप्या काढविल्या. तीन महिन्यांनी आकडा उतरला. आमचे काम महिनाभर थांबले. उरलेला रंग पाणी मारून, प्लास्टिकवर, मुलांना व गरोदर स्त्रियांना दूर ठेवून खरवडला. जाळला नाही. झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसले. कारागीर अंघोळ करून, कपडे बदलूनच घरी जात. रंगीत तुकड्यांपैकी एकही चुलीसाठी दिला नाही. त्याऐवजी सरपणाचे पैसे दिले.

आपल्या मंडळातील अनेक सहकाऱ्यांनी जुन्या वास्तूंत दवाखाने थाटले आहेत. माझे मत स्पष्ट आहे. जुने लाकूड अवश्य वापरावे. पूर्वजांचे सागवान भंगारात घालणे हा करंटेपणा आहे. मात्र वारसा जपण्याचे श्रेय आपल्याकडे आणि त्याची धूळ सुताराच्या घरी, अशी वाटणी होऊ नये. रंग चढलेले प्रत्येक जुने लाकूड तपासून होईपर्यंत विषारी समजावे, आणि ज्यांच्या घरी सुतार, रंगारी वा बॅटरीचे काम करणारे आहेत अशा मुलांच्या केसपेपरवर वडिलांचाच नव्हे, आजोबांचाही व्यवसाय लिहावा.

जिना आता पूर्ण झाला आहे. तो नातू लसीसाठी येतो तेव्हा खालची मूठपट्टी धरून एकेक पायरी चढतो आणि आजोबा खाली उभे राहून मोजतात. जिन्याचे कौतुक पाहुणे करतात, तेव्हा मी त्यांना बेलतेलाविषयी सांगण्याआधी त्या दुपारविषयी सांगतो.