वहीतला लांडगा आणि माळावरचा लांडगा

सोलापुरातल्या चौथी-पाचवीच्या प्रकल्पवहीत लांडगा आला, की तो बहुतेक वेळा बर्फात उभा असतो. दाट राखाडी केस, मागे उंच सूचिपर्णी झाडं आणि खाली मुलाच्या गोल अक्षरात ‘लांडगा : वन्य प्राणी’. चित्र गुगलवर सापडलेलं, गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छापून आणलेलं. हा लांडगा थंड मुलखातला. आपला लांडगा अंगाने सडपातळ, वाळल्या गवताच्या रंगाचा. नान्नजच्या माळावर हिंडणारा, मेंढ्यांच्या कळपावर डोळा ठेवणारा. शहरापासून वीसेक किलोमीटरवर राहणारं जनावर पोराच्या वहीत परदेशातून येतं, त्याला पोर काय करणार? ‘लांडग्याची माहिती लिहून आणा’ एवढंच त्याला सांगितलेलं असतं, आणि संगणकावर ‘लांडगा’ लिहिल्यावर जे पहिलं दिसलं ते त्याने इमानाने उतरवलेलं असतं.

मुलांना प्राण्याचं नाव देऊन घरी पाठवू नये, प्रश्न देऊन पाठवावं, असं माझं मत या सदरातून मी पुन्हा मांडतो आहे. ‘नान्नजचा लांडगा उन्हाळ्यात काय खातो?’ एवढा प्रश्न हातात असला, की पोर संगणकापुढे बसूनही भरकटत नाही. ते ‘लांडगा’ऐवजी ‘नान्नज लांडगा’ असं शोधतं. बाईंनी शास्त्रीय नाव फळ्यावर लिहून दिलं आणि तेही शोधायला सांगितलं, तर भारतीय उपजातीची पानं समोर येतात. पुस्तकात काळविटाचा उल्लेख सापडतो. आणि वर्गात एखादं धनगराचं पोर असलं, तर त्याच्या आजोबांकडून अशी माहिती मिळते जी दोन्हीकडे नसते.

याहून मोलाचा धडा माळढोक पक्ष्याचा आहे, आणि तो सोलापूरइतका चांगला दुसरीकडे क्वचितच शिकवता येईल. मुलांना विचारा : माळढोक अभयारण्य केवढं आहे? एक गट सांगेल 8,496 चौरस किलोमीटर, दुसरा सांगेल साधारण सव्वाबाराशे. आता वर्गात भांडण लागतं, आणि ते लागू द्यावं. बाईंनी लगेच निवाडा देऊ नये. दोन्ही गटांनी आपापल्या पानावर साल शोधावं. 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याच्या हद्दीत सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावं, शेतं, वस्त्या, सारंच आलं होतं. लोकांना जमिनीचे व्यवहार अवघड झाले, तक्रारी वर्षानुवर्षं चालल्या आणि पुढे क्षेत्र कमी केलं गेलं. म्हणजे आकडे दोन्ही बरोबर, काळ वेगळा. दहा वर्षांच्या मुलाला हे एकदा स्वतःच्या हाताने उलगडलं, की पुढे कुठलाही आकडा समोर आला तरी ते ‘कधीचा?’ असं विचारतं.

पक्ष्यांच्या संख्येचंही तसंच. माळढोकाची मादी साधारणपणे एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. 2011 पासून हा पक्षी जगाच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. आज देशात दीडशेच्या आसपासच उरले असतील, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. जुन्या पुस्तकात मात्र नान्नजला माळढोक हमखास दिसतो. ते पुस्तक खोटं बोलत नाही. 1980च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक इथे मुक्काम ठोकून माळढोकाचा अभ्यास करत होते. म्हणून जुनं पुस्तक रद्दीत घालू नये. काल काय होतं ते पुस्तक सांगतं, आज काय आहे ते संगणक सांगतो, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर मधल्या काळात काय गेलं हे मुलाला दिसतं. हे दिसणं मला पाठांतरापेक्षा फार मोठं वाटतं.

पुस्तकांच्या बाबतीत तर सोलापूर भाग्यवान. मारुती चितमपल्ली इथे 1932 मध्ये जन्मले आणि 2025 च्या जूनमध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी जंगलं पायी तुडवली, आदिवासींना विचारून विचारून नावं जमवली, आणि त्यातून पक्षिकोश, प्राणिकोश उभे केले. पक्षिकोशात एकाच पक्ष्याची अनेक भाषांतली नावं मिळतात. ज्या वर्गात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं एका बाकावर बसतात, तिथे असा कोश किती कामाचा! पण कित्येक शाळांत चांगली पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात, फाटतील या भीतीने. माझी कळकळीची विनंती आहे, फाटू द्या. चिकटपट्टी लावलेला कोश हे शाळेचं भूषण आहे.

संगणकाचंही या जिल्ह्याला वावडं नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. ती कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत गेली आणि 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. मला त्यात पुरस्काराहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे पडद्याची वाट पुस्तकाच्या पानावरूनच निघत होती.

‘आमच्याकडे एकच संगणक आणि चाळीस पोरं’ ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण प्रश्न ठरलेला असेल, तर पाच जणांच्या गटाला पडद्यापुढे दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बाकीचे तोवर पुस्तकं चाळतात, वहीत लिहितात. वहीच्या पानावर उभ्या रेघा आखाव्यात : पुस्तकात काय सापडलं, संगणकावर काय सापडलं, कुठल्या पानावर, कोणत्या सालचं. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे लाल पेन्सिलीने खूण. गुण द्यायचे तर त्या लाल खुणांना द्यावेत, सजावटीला अजिबात नकोत.

आणि वर्षातून एकदा तरी मुलांनी स्वतः माहिती पुरवावी. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर पक्षीगणना होते. तिच्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर भरता येतात, खातं शिक्षकाच्या नावाने काढलं म्हणजे झालं. त्या दिवसांत हिप्परगा तलावावर वारकरी, शेकाट्या, चक्रवाक पाहायला मिळतात. किमान पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं, दिसलेले पक्षी मोजायचे, ओळख पटली नाही तर पुस्तक उघडायचं, तरीही पटली नाही तर तो पक्षी यादीत घ्यायचा नाही. ठिकाण, तारीख आणि वेळ अचूक लिहायची. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावातलं एखादं पोर हिप्परग्याचे पक्षी शोधायला बसेल, तेव्हा त्याला ती यादी सापडेल.