अर्धंच स्माईल

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एकाच कोपऱ्यातून गळायला लागलं तर? माझ्या एका मैत्रिणीचं अगदी हेच झालं. एक डोळा मिटेना, स्माईल अर्धंच. आजीचं निदान तयार, ‘वारं लागलं.’ ऑफिसात सगळ्यांनी एसीला शिव्या घातल्या.

बिचारा एसी! डॉक्टर म्हणाले, बेल्स पाल्सी. मेंदूपाशी निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्यांपैकी सातवी आपला चेहरा हलवते. कानाजवळच्या कवटीच्या हाडातून ती एका चिंचोळ्या बोगद्यातून बाहेर येते. तिथेच सुजली की पीक अवरचा दादरचा पूल! संशय बहुतेकदा व्हायरसवर. 2022मध्ये जस्टिन बीबरचा अर्धा चेहरा थांबला, तेव्हा त्याच नसेवर कांजिण्यांचा व्हायरस उलटला होता.

आता कामाची गोष्ट. कपाळाला आठ्या घालून बघा. त्या बाजूची भुवईसुद्धा ढिम्म असेल तर भानगड बहुधा नसेची. आठ्या नीट पडतायत पण तोंड वाकडं, हात जड, बोलणं अडखळतंय, तर स्ट्रोकची शंका. अर्थात आरशासमोर डॉक्टरकी करू नका, दोन्हीकडे तडक हॉस्पिटलच गाठायचं. बेल्स पाल्सीत स्टेरॉइडच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर खरा फायदा. ‘वीकएंडला दाखवू’ म्हणाल तर ती वेळ गेली. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत ताळ्यावर येतो. तोवर न मिटणारा डोळा जपा: दिवसा ड्रॉप्स, झोपताना पापणीवर टेप.