उंदीर, भूक आणि दुसरा वडापाव

परवा आमच्या ऑफिसातल्या एका मित्राच्या क्रॅश डाएटचा चौथा दिवस होता. दुपारच्या डब्यात फक्त काकडी आणि गाजर. आणि संध्याकाळी सात वाजता साहेब खालच्या गाडीवर रंगेहाथ सापडले. हातात दुसरा वडापाव! ‘अरे, जरा तरी कंट्रोल?’ कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. तोही हसला, पण वडापाव अर्धाच टाकून निघून गेला.

घरी जाताना मला उंदीर आठवले. थांबा, सांगतो.

अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन लॅबोरेटरीत १९४९ साली काही भलतेच गोलमटोल उंदीर दिसले. सारखे खायचे आणि साध्या उंदराच्या तिप्पट वजनाचे व्हायचे. त्यांचं नाव पडलं ‘ओबी’. १९६०च्या दशकात तिथेच आणखी एक लठ्ठ जात सापडली, ‘डीबी’. डग्लस कोलमन यांनी मग दोन-दोन उंदरांचा रक्तप्रवाह एकमेकांना जोडून पाहिला. डीबीला जोडलेल्या साध्या उंदराने खाणंच सोडलं. डीबीला जोडलेल्या ओबीनेही सोडलं! म्हणजे डीबीच्या रक्तात ‘बास आता’ असा निरोप भरपूर होता, फक्त त्याला स्वतःला तो ऐकू येत नव्हता. ओबीला ऐकू येत होता, पण त्याच्या शरीरात तो तयारच होत नव्हता.

हा निरोप नेमका काय, हे कळायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने ओबीचा बिघडलेला जीन शोधला. त्यातून सापडलं लेप्टिन. हे हॉर्मोन बनवतं कोण? चक्क चरबी! आपण जिला नुसतं गोदाम समजतो, ती मेंदूला रोज स्टॉकचा रिपोर्ट पाठवत असते. १९९५मध्ये ओबी उंदरांना लेप्टिनची इंजेक्शनं दिली, तर दोन आठवड्यांत वजन ३० टक्के उतरलं.

झालं! आता इंजेक्शन घ्या आणि बारीक व्हा, असंच अनेकांना वाटलं. पण रक्तातलं लेप्टिन मोजायला घेतलं आणि चित्र पालटलं.

मोजायची रीत मजेशीर आहे. उंदराचं थेंबभर रक्त घ्यायचं. ९६ छोट्या खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये लेप्टिनला पकडून ठेवणाऱ्या अँटिबॉडी आधीच चिकटवलेल्या असतात. त्यावर रक्तातला द्रव घालायचा, मग रंग आणणारं रसायन. रंग जितका गडद, तितकं लेप्टिन जास्त. आकडा येतो नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. उंदीर उपाशी होता की खाऊन बसलेला, रक्त किती वाजता घेतलं, हेही सांभाळावं लागतं. नाहीतर आकडा फसवतो.

ओबीत काम करणारं लेप्टिन नाहीच. डीबीत ढीगभर. आणि चरबीयुक्त खाणं देऊन जाड केलेल्या साध्या उंदरांत? जितकी चरबी, साधारण तितकं लेप्टिन जास्त. बहुतेक जाड माणसांतही तेच दिसलं. निरोप जातोय, मेंदू दाद देत नाही. म्हणूनच ते इंजेक्शन सगळ्यांसाठी जादू ठरलं नाही. जन्मतःच लेप्टिन नसलेल्या मोजक्या रुग्णांना मात्र त्याने नवं आयुष्य दिलं.

आता आपल्या कामाची गोष्ट. उंदराला दोन दिवस उपाशी ठेवलं की चरबी घटते, पण लेप्टिन त्या मानाने जास्तच धाडकन कोसळतं. मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला! मग भूक वाढवा, खर्च कमी करा. माणसातही उपासमारीत लेप्टिन असंच झपाट्याने उतरतं.

म्हणजे खाण्यावर ताबा नकोच, असं नाही. पण चौथ्या दिवशीची ती भूक निव्वळ आळशीपणा किंवा हावरटपणा नसते. तिच्यामागे हॉर्मोन असतं. डाएट करायचंच, तर दुष्काळ जाहीर न करता, हळूहळू करा की!

दुसऱ्या दिवशी लंचला मी त्याच्याच टेबलावर जाऊन बसलो. काकडी-गाजर होतंच. मी माझ्या डब्यातली एक पोळी त्याच्यासमोर ठेवली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप खाल्ली. त्या संध्याकाळी तो गाडीवर दिसला नाही.