बारा प्रती की आठ थर?

विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही सर्पदंशावरील प्रथमोपचाराचे भित्तिपत्रक संगणकावर तयार करीत आहात, असे समजा. पार्श्वभूमीचे रंग तीन, सापाची चित्रे दोन आणि मथळ्याची वळणे दोन, असे पर्याय तुम्ही योजले. प्रत्येक जुळणीची निराळी फाईल केली, तर ३ × २ × २ म्हणजे १२ फायली झाल्या. इतक्यात बाईंच्या ध्यानात येते की, 'जखमेवर चिरा देऊ नका' यातला 'नका' हा शब्दच गळला आहे! आता दुरुस्ती बारा ठिकाणी करायला हवी. अकरा ठिकाणी ती झाली आणि नेमकी बारावी प्रत भिंतीवर लागली तर?

म्हणून आमचे मत असे की, पर्यायांसाठी फायली वाढवू नयेत, थर वाढवावेत. थर, म्हणजेच 'लेयर', हा जणू पारदर्शक कागद. त्यावरील प्रत्येक चित्रबिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा या रंगांच्या आकड्यांबरोबर पारदर्शकतेचाही एक आकडा साठवलेला असतो. बिंदू पूर्ण पारदर्शक असेल, तर खालच्या थरातला रंग दिसतो.

ही युक्ती संगणकाहून जुनी आहे. पारदर्शक सेल्युलॉइडवर पात्रे काढून ती स्थिर देखाव्यावर ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत अर्ल हर्ड यांना १९१५ मध्ये मिळाले. 'फोटोशॉप'मध्ये थर आले ते १९९४ साली. आज 'गिंप' या मोफत आज्ञावलीतही ते आहेत.

आता हिशेब पाहा. पार्श्वभूमीचे ३, चित्रांचे २, मथळ्याचे २ आणि मजकुराचा १, असे थर झाले ८. डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारून हवे ते दाखवा, नको ते लपवा. बाराही जुळण्या मिळतात आणि 'नका' मात्र एकदाच लिहावे लागते!

कोणी म्हणेल, थरांनी फाईल जड होते. खरे आहे. ३००० × २००० बिंदूंच्या एका थराला, प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरून, संगणकाच्या स्मृतीत सुमारे २.४ कोटी बाइट लागतात. पण जागा पुन्हा मिळवता येते. भिंतीवरची चूक वाचून गेलेला माणूस पुन्हा गाठता येत नाही.

मात्र दोन पथ्ये पाळा. प्रत्येक थराला अर्थपूर्ण नाव द्या. आणि मूळ फाईल पीएसडी किंवा एक्ससीएफ स्वरूपात जपून ठेवा. जेपीईजीमध्ये सारे थर एकजीव होतात, ते पुन्हा सुटे होत नाहीत.

पर्याय अनेक असावेत. मजकूर मात्र एकच असावा!